डोमेन परस्पर हलवले जाऊ नये म्हणून रजिस्ट्रार लॉक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रजिस्ट्रार लॉक म्हणजे नेमके काय?

डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या आणि ईमेलच्या पत्त्यातील नावाची, नोंद दोन पातळ्यांवर सांभाळली जाते. ज्या कंपनीत आपले खाते असते आणि जिच्याकडे आपण नोंदणीचे शुल्क भरतो ती रजिस्ट्रार; आणि डॉट कॉम किंवा डॉट ऑर्गसारख्या एका विस्ताराखालच्या सगळ्या नावांची मूळ नोंदवही जिच्याकडे असते ती रजिस्ट्री. या दोघांमधील व्यवहार ईपीपी नावाच्या प्रोटोकॉलने चालतो आणि त्यात प्रत्येक डोमेनवर काही स्थितिदर्शक खुणा ठेवण्याची सोय आहे. त्यांपैकी ‘क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड’ ही खूण लागलेली असली की दुसऱ्या कोणत्याही रजिस्ट्रारने केलेली हस्तांतराची मागणी रजिस्ट्री तिथल्या तिथे फेटाळते. मागणीसोबत दिलेला ऑथ कोड, म्हणजे हस्तांतरासाठी लागणारा त्या डोमेनचा गुप्त कोड, अगदी बरोबर असला तरीही फेटाळते. बोलताना आपण ज्याला रजिस्ट्रार लॉक, ट्रान्सफर लॉक किंवा नुसते डोमेन लॉक म्हणतो तो हाच.

बहुतेक रजिस्ट्रार नवीन डोमेन नोंदवतानाच हा लॉक आपोआप लावतात आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. तरीही नोंदणी जुनी असेल, मध्यंतरी रजिस्ट्रार बदलला असेल किंवा कोणी कामानिमित्त लॉक काढून पुन्हा लावायला विसरले असेल, तर तो आहे असे गृहीत धरू नये. प्रत्यक्ष पाहून खात्री करावी.

लॉक नसेल तर कोणी माझे डोमेन खरोखरच घेऊन जाऊ शकतो का?

हो, आणि ते कसे घडते हे समजून घेतले म्हणजे लॉकचे महत्त्व आपोआप पटते. डोमेन हलवू पाहणारी व्यक्ती नव्या रजिस्ट्रारकडे जाते आणि त्या डोमेनचा ऑथ कोड देते. नवा रजिस्ट्रार रजिस्ट्रीकडे मागणी नोंदवतो आणि डोमेनवर ‘पेंडिंग ट्रान्सफर’ अशी स्थिती दिसू लागते. जुन्या रजिस्ट्रारने 24 तासांच्या आत नोंदणीधारकाला तसे कळवायचे असते, आणि मागणी आल्यापासून हरकत घेण्यासाठी पाच दिवस मिळतात. हे पाच दिवस कामकाजाचे नसून कॅलेंडरचे असतात. त्यात शनिवार-रविवारही धरले जातात. या मुदतीत कोणीच नकार कळवला नाही, तर हस्तांतर आपोआप पूर्ण होते. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हा न्याय इथे अक्षरशः लागू होतो.

मौन म्हणजे संमती हा नियम आयकॅन या डोमेन नावांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या हस्तांतर धोरणात 12 नोव्हेंबर 2004 पासून आला. ग्राहकाने उत्तर दिले नाही एवढ्याच सबबीवर काही रजिस्ट्रार त्याला सोडून जाऊ देत नसत, म्हणून तो आणला गेला आणि त्यामागचा हेतू योग्यच होता. मात्र अवघ्या दोन महिन्यांत, 15 जानेवारी 2005 रोजी, न्यूयॉर्कमधील पॅनिक्स या जुन्या इंटरनेट सेवा कंपनीचे डोमेन तिच्या संमतीविना दुसऱ्या रजिस्ट्रारकडे गेले. नव्या रजिस्ट्रारच्या वतीने काम करणाऱ्या विक्रेत्याने मागणी करणाऱ्याची खातरजमा केलीच नव्हती. तो शनिवार होता. दाद मागायला जबाबदार माणूस मिळेना आणि कंपनीच्या ग्राहकांचे ईमेल भलतीकडे जात राहिले. डोमेन परत मिळायला दोन दिवस लागले.

आजही नोंदणीधारकाचा ईमेल पत्ता नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याचा असेल, सूचना स्पॅममध्ये गेली असेल किंवा आपण आठवडाभर प्रवासात असाल, तर ते पाच दिवस कधी उलटून गेले ते कळणारही नाही. लॉक असेल तर ही पाच दिवसांची मुदत सुरूच होत नाही, कारण मागणी आत येतानाच नाकारली जाते. आपण जागे असण्यावर, ईमेल वाचण्यावर किंवा वेळेत उत्तर देण्यावर काहीही अवलंबून राहत नाही. माझ्या मते लॉकचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे.

ऑथ कोड असतानाही लॉक कशासाठी?

ऑथ कोड हे एक गुपित आहे, आणि गुपित फुटू शकते. संकेतस्थळ करून देणाऱ्याला कधीतरी ईमेलने पाठवलेला कोड वर्षानुवर्षे दोघांच्याही मेलबॉक्समध्ये पडून राहतो. मदत कक्षाला पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये तो दिसत असतो. प्रत्येक डोमेनचा कोड वेगळा असला पाहिजे असा नियम आहे, त्यामुळे एकाचा कोड फुटला म्हणून सगळी डोमेन उघडी पडत नाहीत, परंतु त्या एकापुरता धोका राहतोच. लॉकचे तसे नाही. ती रजिस्ट्रीतील स्थिती आहे. ती सगळ्यांना दिसते आणि दिसण्याने कमजोर होत नाही.

यात 2018 नंतर आणखी एक कारण जोडले गेले. त्यापूर्वी नव्या रजिस्ट्रारलाही सार्वजनिक नोंदीतील ईमेल पत्त्यावर नोंदणीधारकाची संमती घ्यावी लागत असे. युरोपातील खासगी माहितीच्या कायद्यामुळे मे 2018 पासून हे पत्ते नोंदीतून झाकले गेले आणि पत्ता मिळत नसेल तर ही संमती घेण्याची सक्तीही उरली नाही. म्हणजे मधली एक तपासणी गळाली आणि कोड व लॉक या दोहोंवरील भार वाढला. हस्तांतराचा विचार करून कोड घेतला आणि नंतर बेत रद्द केला, तर नवीन कोड तयार करून घ्यावा. जुना तसाच ठेवू नये.

माझे डोमेन लॉक आहे की नाही हे कुठे पाहावे?

रजिस्ट्रारच्या खात्यात कुलपाचे चिन्ह दिसते, पण केवळ त्यावर विसंबू नये, कारण अखेरचा शब्द रजिस्ट्रीतील नोंदीचा असतो. ती नोंद आयकॅनच्या सार्वजनिक शोध पानावर कोणालाही पाहता येते. पूर्वी हे काम हूइज या सेवेतून होत असे. 28 जानेवारी 2025 पासून डॉट कॉमसारख्या सर्वसाधारण विस्तारांसाठी हूइजची सक्ती संपली आणि त्याची जागा आरडॅप या नव्या सेवेने घेतली आहे.

पानावर आपले डोमेन टाकल्यावर ‘डोमेन स्टेटस’ या मथळ्याशेजारी एक किंवा अनेक नोंदी दिसतील. त्यांत ‘क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड’ असेल तर लॉक लागलेला आहे. तिथे फक्त ‘ॲक्टिव्ह’ किंवा जुन्या पद्धतीच्या साधनांत ‘ओके’ असा एकच शब्द असेल, तर मात्र सावध व्हावे. हा शब्द पाहून अनेकांचा जीव भांड्यात पडतो, परंतु त्याचा अर्थ ‘सगळे सुरक्षित आहे’ असा नसून ‘या डोमेनवर कोणतेही बंधन नाही’ असा आहे. ‘क्लायंट होल्ड’ ही खूणही लॉकची नव्हे. ती असेल तर डोमेन डीएनएसमधून, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेतून, काढलेले असते आणि त्यावरील संकेतस्थळ व ईमेल चालत नाहीत.

‘क्लायंट’ आणि ‘सर्व्हर’ असे दोन प्रकार का दिसतात?

‘क्लायंट’ने सुरू होणारी खूण रजिस्ट्रार लावतो आणि तोच काढू शकतो. ‘सर्व्हर’ने सुरू होणारी खूण रजिस्ट्री लावते आणि रजिस्ट्रारला ती हलवता येत नाही. दोन्ही प्रकारांत हस्तांतर, बदल आणि रद्द करणे या तिन्हींसाठी वेगवेगळ्या खुणा आहेत. गूगल डॉट कॉमची नोंद उघडली तर या सहाही खुणा एकाखाली एक दिसतात.

इथे एक बारकावा लक्षात ठेवावा. खात्यातील ‘लॉक’ या एकाच बटणाने काही रजिस्ट्रार फक्त हस्तांतर रोखतात, तर काही बदल आणि रद्द करणे हेही रोखतात. बटणावरचा शब्द सारखाच असतो, म्हणून कोणत्या खुणा प्रत्यक्ष लागल्या ते वर सांगितलेल्या पानावरच तपासावे.

लॉक लावला, म्हणजे डोमेन चोरीला जाणार नाही ना?

दुर्दैवाने असे म्हणता येत नाही, आणि हा प्रश्न या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे असे मला वाटते. रजिस्ट्रार लॉक बाहेरून आलेली मागणी रोखतो. पण तो लॉक काढण्याचे बटण आपल्या खात्यातच असते, आणि जो खात्यात शिरला त्याला ते दाबता येते. त्याच पानावर त्याला ऑथ कोडही मिळतो. याला नियमांचीही बाजू आहे: लॉक काढण्याची रीत ही संपर्क माहिती किंवा नेमसर्व्हर (डोमेनचे संकेतस्थळ आणि ईमेल कुठे आहेत ते सांगणारे सर्व्हर) बदलण्याच्या रीतीपेक्षा अधिक कडक असू नये, असे आयकॅनचे धोरणच सांगते. ग्राहकाला अडकवून ठेवता येऊ नये यासाठी हे बंधन आहे, परंतु त्याचा सरळ परिणाम असा की साधा लॉक आपल्या लॉगिनपेक्षा अधिक बळकट कधीच नसतो.

याखेरीज दोन वाटा अशा आहेत की ज्यांना हस्तांतराचा लॉक स्पर्शही करत नाही. पहिली म्हणजे नेमसर्व्हर बदलणे. चोराला डोमेन हलवण्याची गरजच नसते. नेमसर्व्हर स्वतःच्या ताब्यातले टाकले की संकेतस्थळ आणि ईमेल दोन्ही त्याच्याकडे वळतात, आणि कागदोपत्री डोमेन आपलेच राहते. दुसरी वाट म्हणजे त्याच रजिस्ट्रारच्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात डोमेन सरकवणे. यात रजिस्ट्रार बदलत नाही, म्हणून रजिस्ट्रीच्या दृष्टीने ते हस्तांतर नसतेच आणि पाच दिवसांची मुदतही लागू होत नाही.

पर्ल या प्रोग्रामिंग भाषेच्या पर्ल डॉट कॉम या डोमेनचे जे झाले ते या संदर्भात अभ्यासण्यासारखे आहे. जानेवारी 2021 च्या अखेरीस ते भलत्याच ठिकाणी जाऊ लागले तेव्हा सर्वांना चोरी कळली. परंतु ते सांभाळणाऱ्यांनी नंतर मांडलेल्या हकिकतीनुसार ताबा आधीच्या सप्टेंबरमध्येच गेला होता, आणि बनावट कागदपत्रे दाखवून रजिस्ट्रारलाच फसवले गेले असावे असा त्यांचा अंदाज होता. डिसेंबरमध्ये डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेले गेले, तरी नेमसर्व्हर बदलले नव्हते, म्हणून संकेतस्थळ नेहमीसारखे उघडत होते आणि कोणालाही संशय आला नाही. जानेवारीत ते तिसऱ्या रजिस्ट्रारकडे गेले. म्हणून संकेतस्थळ उघडते आहे यावरून डोमेन आपल्याकडेच आहे असे समजू नये. ठरावीक दिवसांनी नोंदीतील रजिस्ट्रारचे नाव आणि स्थिती पाहण्याची सवय ठेवावी; त्याला एक मिनिटही लागत नाही.

मग लॉकच्या जोडीने काय सांभाळावे?

प्रथम खात्याचा ईमेल पत्ता. पासवर्ड बदलण्याची लिंक तिथेच येते, त्यामुळे ज्याच्या हाती तो मेलबॉक्स, त्याच्या हाती डोमेन. हा पत्ता त्याच डोमेनवरचा असू नये. तसा असेल तर डोमेन गेल्याबरोबर पत्ताही जातो, आणि परत मिळवण्यासाठी रजिस्ट्रारने पाठवलेला ईमेल चोरालाच पोहोचतो. संस्थेचे डोमेन असेल तर पत्ता एका व्यक्तीचा न ठेवता किमान दोन जबाबदार माणसे वाचतील असा ठेवावा.

त्यानंतर लॉगिन. वेगळा, लांब पासवर्ड आणि दुसऱ्या टप्प्याची पडताळणी या दोन्ही गोष्टी हव्यातच. पडताळणीसाठी एसएमएसवर येणाऱ्या कोडऐवजी ऑथेंटिकेटर ॲप, पासकी किंवा हार्डवेअर की वापरावी, कारण मोबाइल क्रमांकाचे दुसरे सिम काढून एसएमएस पळवता येतात. संकेतस्थळ सांभाळणाऱ्या व्यावसायिकाला मुख्य लॉगिन देऊ नये. रजिस्ट्रारकडे मर्यादित अधिकारांचे उपखाते देण्याची सोय असेल तर तेवढेच द्यावे. डोमेन त्या व्यावसायिकाच्याच खात्यात नोंदवलेले असेल, तर लॉकचा विचार नंतर करावा. आधी नोंदणी स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या खात्यात आणावी.

रजिस्ट्री लॉक वेगळा असतो का? तो घ्यावा का?

तो वेगळा असतो. त्यात ‘सर्व्हर’ प्रकारच्या खुणा लागतात आणि त्या काढण्यासाठी खात्यातील बटण पुरत नाही. आधी नेमून दिलेल्या व्यक्तीने रजिस्ट्रारकडे मागणी करायची, रजिस्ट्रारने ती रजिस्ट्रीकडे न्यायची आणि फोनवरून किंवा ठरलेल्या सांकेतिक शब्दाने माणसांनी माणसांची ओळख पटवायची, अशी त्याची साधारण पद्धत असते. त्यामुळे लॉगिन चोरीला गेले तरी नेमसर्व्हर बदलता येत नाहीत.

ऑगस्ट 2013 मध्ये हा फरक जगाने पाहिला. सीरियन इलेक्ट्रॉनिक आर्मी या गटाने एका रजिस्ट्रारच्या विक्रेत्याचे लॉगिन मिळवून न्यूयॉर्क टाइम्सच्या डोमेनचे नेमसर्व्हर बदलले आणि ते संकेतस्थळ बंद पडले. त्याच विक्रेत्याच्या खात्यातील ज्या डोमेनवर रजिस्ट्रीचा लॉक होता त्यांना मात्र धक्का लागला नाही, असे त्या रजिस्ट्रारनेच नंतर सांगितले.

ही सेवा सशुल्क असते, सर्व विस्तारांसाठी किंवा सर्व रजिस्ट्रारकडे मिळत नाही आणि नेमसर्व्हर बदलायला वेळ लागतो. वैयक्तिक ब्लॉगसाठी ती आवश्यक नाही. पण ज्या डोमेनवरून पैशांचे व्यवहार, रुग्णांची किंवा विद्यार्थ्यांची माहिती अथवा शेकडो लोकांचे ईमेल चालतात, त्यासाठी हा खर्च टाळू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

लॉकमुळे रोजच्या कामांत अडथळा येतो का?

नाही. नूतनीकरण नेहमीप्रमाणे होते. डीएनएसमधील नोंदी नेमसर्व्हरवर असतात, रजिस्ट्रीत नसतात, म्हणून त्याही बदलता येतात. बदल रोखणारी खूण लावली असेल तर मात्र नेमसर्व्हर बदलण्यापूर्वी ती काढावी लागते.

डीएनएससेक असेल तर लॉकची गरज उरते का?

उरते. डीएनएससेक हे डिजिटल सह्यांच्या आधारे मिळालेले डीएनएस उत्तर वाटेत कोणी बदलले नाही याची खात्री देते. डोमेनच ज्याच्या ताब्यात गेले, तो नव्या सह्याही स्वतःच करू शकतो.

60 दिवसांचे बंधन म्हणजे काय?

नवीन नोंदणीनंतर आणि एका हस्तांतरानंतर पहिले 60 दिवस पुढचे हस्तांतर नाकारण्याची मुभा रजिस्ट्रारला आहे. शिवाय 1 डिसेंबर 2016 पासून नोंदणीधारकाचे नाव, संस्था किंवा ईमेल पत्ता यांत महत्त्वाचा बदल झाला की 60 दिवसांचा लॉक लागतो. तो आधीच नाकारण्याचा पर्याय काही रजिस्ट्रार देतात. हा पर्याय समोर आला तर ‘लॉक नको’ या चौकटीत सहज टिक करू नये. पर्ल डॉट कॉमच्या बाबतीत सप्टेंबर ते डिसेंबर हा काळ मध्ये गेला तो याच बंधनामुळे असावा, असे ते सांभाळणाऱ्यांनी नोंदवले आहे. नोंद नियमित पाहणाऱ्याला असा अवधी फार मोलाचा असतो.

मला स्वतःलाच रजिस्ट्रार बदलायचा असेल तर?

आधी संपर्क ईमेल चालू आहे ना ते पाहावे. तो बदलावा लागला तर वरचे 60 दिवसांचे बंधन लागू शकते. नंतर लॉक काढावा, कोड घ्यावा आणि शक्यतो त्याच दिवशी नव्या रजिस्ट्रारकडे मागणी नोंदवावी, म्हणजे डोमेन विनाकारण उघडे राहत नाही. हस्तांतर झाले की नोंदणीची मुदत साधारणतः एक वर्षाने वाढते, पण एकूण मुदत 10 वर्षांपलीकडे जात नाही. नव्या ठिकाणी लॉक लागला का, हे पुन्हा तपासावे. हाच टप्पा सर्वाधिक राहून जातो.

रजिस्ट्रार लॉक काढून देत नाही. काय करावे?

खात्यातून स्वतः लॉक काढण्याची सोय नसेल, तर मागणी केल्यापासून पाच कॅलेंडर दिवसांत रजिस्ट्रारने तो काढला पाहिजे. ऑथ कोडलाही हीच मुदत आहे. फसवणुकीचा पुरावा, न्यायालयाचा आदेश, मालकीचा खरा वाद किंवा मागील मुदतीची थकबाकी अशी कारणे असतील तर नकार देता येतो. ग्राहक जाऊ नये हे कारण चालत नाही. मागणी लेखी करावी, आणि उत्तर मिळाले नाही तर आयकॅनकडे हस्तांतराची तक्रार नोंदवावी.

‘आपले डोमेन संपत आहे, ताबडतोब पैसे भरा’ असे पत्र आले आहे. ते खरे आहे का?

पत्र पाठवणारी कंपनी आणि नोंदीतील आपला रजिस्ट्रार एकच आहेत का, हे पाहावे. नूतनीकरणाच्या बिलासारखी दिसणारी आणि प्रत्यक्षात हस्तांतराला संमती घेणारी पत्रे फार जुन्या काळापासून फिरत आहेत. लॉक असेल तर अशा पत्रावर चुकून सही झाली तरी हस्तांतर अडते. भरलेले पैसे मात्र परत मिळतीलच असे नाही. ईमेलमधील लिंकवरून लॉगिन न करता रजिस्ट्रारचा पत्ता स्वतः टाइप करून आत जावे.

देशांच्या विस्तारांनाही हेच नियम लागू होतात का?

नाही. या पानावर सांगितलेले आयकॅनचे नियम डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग यांसारख्या सर्वसाधारण विस्तारांसाठी आहेत. देशांच्या विस्तारांचे नियम त्या त्या रजिस्ट्रीचे असतात. उदाहरणार्थ, डॉट यूकेमध्ये ऑथ कोड नसतो. सध्याचा रजिस्ट्रार डोमेनवरचा टॅग, म्हणजे रजिस्ट्रार कोण ते दाखवणारी खूण, बदलतो आणि डोमेन हलते. अशा ठिकाणी खात्याच्या लॉगिनलाच अधिक जपावे लागते.

डोमेन गेलेच आहे. आता काय करावे?

वेळ दवडू नये. ‘पेंडिंग ट्रान्सफर’ ही स्थिती अजून दिसत असेल, तर जुन्या रजिस्ट्रारला ताबडतोब लेखी नकार कळवावा. ते पाच दिवस याचसाठी आहेत. हस्तांतर पूर्ण झाले असेल, तरीही पहिला फोन जुन्या रजिस्ट्रारलाच करावा आणि नव्या रजिस्ट्रारच्या आपत्कालीन संपर्काशी बोलण्याची मागणी करावी. हा संपर्क 2012 पासून प्रत्येक रजिस्ट्रारला ठेवावा लागतो आणि दुसऱ्या रजिस्ट्रारकडून निरोप आल्यावर चार तासांत त्याने प्रतिसाद द्यायचा असतो. ग्राहकाला तो थेट वापरता येत नाही, म्हणून आपल्या रजिस्ट्रारकडे आग्रह धरावा लागतो.

त्यातून निभावले नाही, तर आयकॅनच्या हस्तांतर तंटा धोरणाखाली 12 महिन्यांच्या आत दावा करता येतो. तोही रजिस्ट्रारनेच दाखल करायचा असतो. शेवटचा मार्ग न्यायालयाचा, आणि तो लांबचा आहे. 1995 मध्ये सेक्स डॉट कॉम हे डोमेन एका बनावट पत्राच्या आधारे मूळ धारकाकडून गेले. ते परत देण्याचा आदेश 2000 मध्ये झाला, आणि डोमेन ही मालमत्ता ठरते असा निकाल अमेरिकेतील अपील न्यायालयाने 2003 मध्ये त्याच प्रकरणात दिला.

पुरावा म्हणून नोंदणीच्या आणि नूतनीकरणाच्या पावत्या, जुन्या नोंदीच्या प्रती आणि रजिस्ट्रारशी झालेला पत्रव्यवहार तारखांसह जपून ठेवावा, आणि तो त्या डोमेनवरील मेलबॉक्सबाहेर ठेवावा. डोमेन परत आल्यावर नेमसर्व्हर आणि डीएनएसची प्रत्येक नोंद तपासावी, मधल्या काळात त्या नावाने कोणी टीएलएस प्रमाणपत्र (संकेतस्थळाची ओळख पटवणारे) काढले असल्यास ते रद्द करून घ्यावे, आणि त्या पत्त्यांवर पासवर्ड बदलण्याच्या लिंक ज्या ज्या सेवांकडून येऊ शकत होत्या त्या सर्वांचे पासवर्ड बदलावेत.